मडकईचे आमदार : कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर

गोमंतकातील देवस्थानांचा विषय निघाला की अंत्रुज महालाचे नाव सर्वप्रथम घ्यावे लागते. सोळाव्या शतकात तिसवाडी व सासष्टी येथील देवळांवर संक्रांत आली, तेव्हा भाविकांनी आपापली दैवते नदीपलीकडे याच महालात आणून स्थापन केली. प्रियोळची श्रीमंगेशी, म्हार्दोळची श्रीम्हाळसा, कवळ्याची श्रीशांतादुर्गा, बांदिवड्याची श्रीमहालक्ष्मी, श्रीनागेश व श्रीरामनाथ, मडकईची श्रीनवदुर्गा, अशी कितीतरी महनीय देवस्थाने आजच्या फोंडा तालुक्यात थोड्याथोड्या अंतरावर उभी आहेत. देवळांभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या, कुळागरे बहरली, खाजन शेती पिकू लागली. या जमिनींचे धनी होते देवस्थान किंवा महाजन-भाटकार, आणि त्या कसणारी होती कुळे. कुळाचे नाव देवस्थानच्या वहीत खंडाच्या रकान्यात लिहिले जाई; गावच्या कारभारात मात्र ते फारसे कोठे आढळत नसे.

याच महालातील मडकई मतदारसंघाने गोव्याच्या पहिल्या लोकनियुक्त मुख्यमंत्र्यास विधानसभेत पाठविले. त्यांचे आडनाव बांदोडकर. त्या आडनावाची नाळ बांदोड्याशी, म्हणजे बांदिवड्याशीच जुळते. जन्म मात्र दूर उत्तरेकडचा, पेडण्याचा.

दयानंद बाळकृष्ण ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे महाल नव्या काबिजादीतला. पोर्तुगेजांच्या ताब्यात तो अठराव्या शतकाच्या अखेरीस आला. त्यामुळे तेथील धर्म, चालीरीती व मराठी पोथी-कीर्तनाची परंपरा फारशी विस्कटली नाही. पण शाळा, दवाखाने, रस्ते अशा सोयीही तेथे क्वचितच पोहोचल्या. पणजीच्या लिसेवची वाट नव्या काबिजादीतील शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊकच नव्हती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गावातील मराठी शाळा चालायची ती लोकांच्या वर्गणीवर, कधी देवळाच्या अग्रशाळेत तर कधी एखाद्या सज्जनाच्या ओसरीवर. मास्तरचा पगार थकला की शाळा बंद पडे. भाऊसाहेबांनी पुढे शिक्षणास जे अग्रस्थान दिले त्याचे मूळ या परिस्थितीत शोधावे लागते.

ते ज्या समाजात जन्मले तो आज गोमंतक मराठा समाज या नावाने सन्मानपूर्वक ओळखला जातो. देवळातील गायन-वादनाची व इतर सेवा या समाजातील कुटुंबांकडे परंपरेने चालत आली. हिंदुस्थानच्या संगीतक्षेत्रास या कुटुंबांनी दिलेल्या देणगीविषयी लिहावे तितके थोडे. मोगूबाई कुर्डीकर व दीनानाथ मंगेशकर ही दोन नावे उच्चारली तरी पुरे. परंतु ज्या मंडपात त्यांचे गाणे रंगे त्याच मंडपातील महाजनांच्या बैठकीत त्यांना स्थान नव्हते. १९३३ साली पोर्तुगेज सरकारने देवस्थानांची नियमावली केली. तीत महाजनपद वंशपरंपरेने पुरुष वारसांकडे जाईल असे ठरले, व जे मुळातच महाजन नव्हते त्यांना ते दार कायमचे बंद झाले. महाजन कुटुंबांच्या स्मरणिकेत ही गोष्ट नमूद करणे कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु ती वगळल्यास भाऊसाहेबांचे चरित्र अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

व्यवसायात त्यांनी जे मिळविले ते स्वतःच्या हिकमतीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोहखनिजास परदेशात मागणी आली, व १९५० नंतर जपान हे त्याचे मोठे गिऱ्हाईक झाले. खाणधंद्याच्या या भरभराटीत ज्या मोजक्या गोमंतकीयांनी नाव कमावले त्यांत भाऊसाहेब होते. या धंद्यातील इतर बडी घराणी बहुतेक पूर्वापार सधन होती. भाऊसाहेबांची श्रीमंती त्यांच्याच पिढीत आलेली होती. ती त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवली नाही. शाळा, उत्सव, गरीब विद्यार्थी, अडलेले कुटुंब, कोणीही विन्मुख जात नसे अशी त्यांची ख्याती राजकारणात येण्यापूर्वीच पसरलेली होती. राजकारणात ही ख्याती त्यांना किती उपयोगी पडली हे वेगळे सांगावयास नको.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांच्या राजवटीनंतर प्रथमच सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताचा अधिकार मिळणार होता. पोर्तुगेज अमदानीतही निवडणुका होत, पण मतदार असत ते शिकलेले व कर भरणारे मूठभर. आता भाटकाराचे मत एक व त्याच्या मुंडकाराचेही मत एकच. या साध्या गणिताचा अर्थ त्या वेळी पणजी-मडगावच्या पुढारी मंडळींच्या लक्षात आला नाही. मुक्तिलढ्यातील पुण्याईवर व दिल्लीच्या वरदहस्तावर काँग्रेस सहज निवडून येईल असाच सर्वांचा होरा होता. काँग्रेसचे उमेदवार बव्हंशी प्रतिष्ठित घराण्यांतील होते.

१९६३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला व भाऊसाहेब त्याचे सर्वेसर्वा झाले. पक्षाची मागणी एकच होती, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. त्या मागणीच्या पोटात दुसरी एक होती, व तीच खेड्यापाड्यांतून अधिक मोठ्याने ऐकू गेली. कसणाऱ्याला जमिनीवर व राहणाऱ्याला घरावर हक्क मिळावा, आणि बहुजनांच्या मुलांना शाळा मिळावी. शेतात राबणाऱ्या माणसास विलीनीकरणाचा घटनात्मक अर्थ कितपत उमगला होता याविषयी शंका घेण्यास जागा आहे. सिंह ही निशाणी कोणाची आहे हे मात्र त्यास पक्के ठाऊक होते.

९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली निवडणूक झाली. तीस जागांच्या सभागृहात मगो पक्षास १४ व त्याच्याशी सहकार्य करणाऱ्या प्रजासमाजवादी पक्षास २ जागा मिळाल्या. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षास १२ मिळाल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिचा एकमेव आमदार आला तो दमणहून. भाऊसाहेब स्वतः या निवडणुकीस उभे राहिले नव्हते. तरीही नेतृत्व दुसऱ्या कोणाकडे जावे असा प्रश्नच उद्भवला नाही, आणि २० डिसेंबर रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मंत्रिमंडळ अवघे तिघांचे होते, भाऊसाहेब, विठ्ठल करमली व टोनी फर्नांडिस. पुढे पोटनिवडणुकीत मडकईच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले. सभापतिपदी पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर आले. मांडवीकाठच्या आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, जेथून पोर्तुगेज गव्हर्नरांनी हुकूम सोडले होते, तेथे १९६४ च्या जानेवारीत विधानसभा भरली.

राज्यकारभाराचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. कायद्याची भाषा ही त्यांची भाषा नव्हती. कज्जेदलालीत मुरलेली लिसेवशिक्षित मंडळी विरोधी बाकांवर बसलेली, आणि हे गृहस्थ खाणीवरून थेट मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर आलेले. अनेकांनी त्यांच्याविषयी नाके मुरडली. थोड्याच दिवसांत मुरडलेली नाके सरळ झाली. लोकांना भेटण्यास त्यांना मध्यस्थ लागत नसे. खेड्यातून आलेला माणूस चपला दाराबाहेर काढून सरळ आत जाई, व त्याचे काम बहुधा तेथल्या तेथे मार्गी लागे. कचेरीच्या नियमांना या पद्धतीने पुष्कळदा फाटा मिळे हेही खरे. फायलीचा प्रवास ठरलेल्या टेबलांवरूनच व्हावा असे मानणाऱ्या कारकुनांची त्या काळात मोठीच पंचाईत होई.

१९६४ चा शेतजमीन कुळकायदा हे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी कृत्य होय. तोपर्यंत बहुतेक कुळे तोंडी करारावर जमिनी कसत. खंड किती घ्यावा हे धन्याच्या मर्जीवर, आणि धन्याची मर्जी फिरली की कूळ रस्त्यावर. नव्या कायद्याने कुळास संरक्षण मिळाले व खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत मर्यादित झाला. हा कायदा महाजन कुटुंबांना किती जाचला हे सांगावयास कोणा इतिहासकाराची गरज नाही. ज्यांच्या कोठारात दर कापणीस भाताच्या राशी येत त्यांच्या कोठारांचे कोपरे मोकळे दिसू लागले. देवस्थानच्या नैवेद्याचा, नंदादीपाचा व उत्सवाचा खर्च ज्या खंडातून चाले तो आटू लागला, व पुष्कळ ठिकाणी महाजनांना वर्गणीच्या याद्या फिरवाव्या लागल्या. विधवा, वृद्ध व अज्ञान वारस यांच्या लहानशा भाटांवरही हाच नियम लागू झाला, ही तक्रार काही अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु त्याच कोठारांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाने त्या दिवसापासून मान वर केली, हे महाजनांनीही कबूल करावयास हवे. कायदा केला नसता तर देवळे अधिक संपन्न राहिली असती. देवळांपुढे जमणाऱ्या भक्तांत मात्र धनी व कूळ हे अंतर तसेच राहिले असते.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. सत्ता हाती असतानाही भाऊसाहेबांनी १९३३ च्या देवस्थान नियमावलीस मोडता घातला नाही. त्यांच्या जन्मजातीस ज्या नियमावलीने मंडपाबाहेर ठेवले तीच त्यांच्या राजवटीतही चालू राहिली, आणि पुढेही चालत आली. मामलेदार हे देवालयांचे प्रशासक व महाजन हे कारभारी, ही घडी त्यांनी विस्कटली नाही. सूडाची बुद्धी असती तर त्यांना संधी काही कमी नव्हती.

शाळांच्या बाबतीत त्यांनी घाई केली व ती योग्यच होती. जेथे चार घरे तेथे शाळा, अशा आवेशाने सरकारी प्राथमिक मराठी शाळा खेडोपाडी निघाल्या. इमारत नसेल तर देवळात, देऊळ नसेल तर मांगरात वर्ग भरले. १९६० च्या शिरगणतीत गोव्यात शंभरांत सुमारे एकतीस माणसे साक्षर होती. १९७१ साली ते प्रमाण पंचेचाळीसच्या आसपास गेले. दशकभरातील ही वाढ मुख्यतः त्याच मुलांची होती ज्यांच्या आईबापांनी कधी पाटी पाहिली नव्हती. फर्मागुडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ साली निघाले. शाळा मराठीच का, कोंकणी का नाही, हा वाद तेव्हाच उपस्थित झाला होता. भाऊसाहेब व त्यांचा पक्ष कोंकणीस मराठीची बोली समजत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली व मराठीच्या वापरासही त्यात मुभा राहिली. त्या अर्थी पक्षाची ती भूमिका काळाने मान्य केली नाही. तथापि ज्या घरांत बोलणे कोंकणीतून व पोथी, कीर्तन, नाटक मराठीतून चाले, त्या घरांतील मुलांना त्या वेळी मराठी शाळा परकी वाटली नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता त्यांच्या आयुष्यातील मोठ्या पराभवाकडे वळले पाहिजे. विलीनीकरणाच्या नावावर पक्ष निवडून आला होता. १९६५ साली गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, व महाराष्ट्राच्या विधानसभेनेही आपली संमती नोंदविली. विरोधकांचे म्हणणे असे की हा प्रश्न नेहमीच्या निवडणुकीत सुटणारा नव्हे, प्रत्येक मतदारास स्वतंत्रपणे विचारा. अखेर संसदेने १९६६ च्या डिसेंबरमध्ये जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून भाऊसाहेबांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले व राष्ट्रपतींची राजवट आली. प्रश्न दोनच होते, महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की संघप्रदेश म्हणून राहावयाचे. स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. विलीनीकरणास फूल व संघप्रदेशास दोन पाने अशी चिन्हे देण्यात आली.

ते दोन महिने ज्यांनी पाहिले त्यांना त्यांची आठवण जन्मभर राहिली. एका घरात थोरला भाऊ फुलाचा तर धाकटा दोन पानांचा. देवळाच्या पायऱ्यांवर, होडीत, लग्नाच्या पंगतीत तोच एक विषय. दैनिक गोमन्तक विलीनीकरणाची बाजू मांडी, तर राष्ट्रमत त्याविरुद्ध. राष्ट्रमतातील उदय भेंब्रे यांचे ब्रह्मास्त्र हे सदर खेडोपाडी मोठ्याने वाचून दाखविले जाई. मराठी वृत्तपत्र मराठी भाषेतच मराठी राज्यात जाण्यास विरोध करीत होते, आणि मराठी वाचणाऱ्या पुष्कळांना त्याचे म्हणणे पटत होते, यातील मर्म मगो पक्षाच्या पुढाऱ्यांना वेळीच कळले नाही. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांनी गोमंतकीय नोकरवर्गाची मने दुखविली होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती, तेव्हा माडाच्या सुरेवर पोट भरणाऱ्या रेंदेरांच्या मनात धास्ती होती. आणि आपला लहानसा प्रदेश मोठ्या राज्याचा एक कोपरा होऊन बसेल ही भीती तर शिकलेल्या हिंदू घरांतूनही होतीच.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या महालांनी विलीनीकरणाकडे कौल दिला. सासष्टीने विरुद्ध बाजूचे पारडे जड केले. संघप्रदेशास १,७२,१९१ व विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. ज्या ध्येयासाठी पक्ष काढला ते एका दिवसात संपले.

दुसरा कोणी असता तर राजकारणातून बाजूस झाला असता, किंवा कौलातील दोष उकरीत बसला असता. भाऊसाहेबांनी निर्णय मान्य केला व ते पुन्हा मतदारांपुढे गेले. २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे कौलानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी निवडणूक झाली, आणि मगो पक्षास १६ व युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. ज्या गोमंतकाने त्यांची मागणी नाकारली त्यानेच ५ एप्रिल रोजी त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. या निकालाचा उलगडा पुष्कळांना झाला नाही. वस्तुतः तो कठीण नाही. महाराष्ट्रात जावयाचे की नाही याविषयी लोकांत दुमत होते. कुळाच्या व मुंडकाराच्या बाजूने कोण उभा आहे याविषयी नव्हते. कदाचित भाऊसाहेबांनाही स्वतःच्या पक्षाचे खरे बळ कशात आहे हे त्या निकालानेच प्रथम कळले असेल.

दुसरी कारकीर्द पहिल्याइतकी सुखाची गेली नाही. पक्ष म्हणजे आपण, असे मानण्याची सवय त्यांना लागली होती. सल्ला ऐकत, पण निर्णय एकट्याचा. तिकीट कोणास द्यावयाचे, मंत्री कोणास करावयाचे, हे सारे त्यांच्याच मनावर. १९७० साली याचा स्फोट झाला. पक्षातील काही आमदार त्यांच्याविरुद्ध उठले व सरकार डळमळले. ज्या विरोधी पक्षाशी सात वर्षे झुंज दिली त्यातीलच काही आमदार त्यांच्या साह्यास आले, तेव्हा सरकार तरले. हा प्रसंग त्यांच्या चाहत्यांस अडचणीचा वाटतो व म्हणून बहुधा गाळला जातो. तो गाळू नये. पुढे गोव्यात आमदारांच्या पक्षांतराने जी अनेक सरकारे आली नि गेली त्यांची पाऊलवाट येथूनही निघते.

याच वर्षांत मात्र त्यांच्या हातून काही सुंदर कामे झाली. १९६९ साली बोंडल्याचे अभयारण्य झाले. शिकारीचा शौक असलेल्या माणसाच्या राजवटीत वन्य पशूंना हे आश्रयस्थान मिळाले. १९७० साली कला अकादमीची स्थापना झाली. देवळाच्या मंडपातील कलेस सरकारी मान्यता मिळाली, तीही त्या मंडपातील कलावंतांच्या समाजातून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या हातून, हा योग मोठा अर्थपूर्ण होय. त्याच वर्षी बांदोडकर सुवर्णचषकाचे फुटबॉल सामने सुरू झाले, आणि परदेशी संघ गोव्याच्या मैदानावर खेळू लागले. पणजीहून बेतीस फेरीबोटीने जाणाऱ्यांना मांडवीवरील पूल मिळाला तोही याच सुमारास. तो पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला.

१९७२ च्या निवडणुकीत पक्षास १८ जागा मिळाल्या, आतापर्यंतच्या सर्वाधिक. १९७० च्या बंडाचा हिशेब मतदारांनीच चुकता केला. नव्या मंत्रिमंडळात त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर राज्यमंत्री झाल्या. १९६७ पासून त्या विधानसभेत होत्याच.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, अधिकारपदावर असतानाच, भाऊसाहेबांचे निधन झाले. वय बासष्ट. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले व तेथेच त्यांची समाधी बांधण्यात आली. त्यानंतर शशिकलाताईंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा व १९७६ ची कुळकायद्याची पाचवी दुरुस्ती, जिने कसणारा जमिनीचा मालक झाला, या दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतल्या. परंतु या वाटचालीचा आरंभ १९६४ सालीच झाला होता. त्यानंतर अंत्रुज महालातील पुष्कळ शेतांच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नवी नावे चढली. ज्यांची ती नावे, त्यांचे आजे देवस्थानच्या जुन्या वह्यांत खंडाच्या रकान्यात सापडतात.